टोपलीखालचा गहू

१ डिसेंबर, रविवार

अमावास्या. आणि नेमकी आजच तेरेझाबाई आली! जावयाची, म्हणजे रोशनची, आई. मंगळूरहून रात्रभर बसनं. सोबत तीन पिशव्या आणि एक खोकं. खोक्याला कुणी हात लावायचा नाही म्हणे. आत नाताळचा गोठा आहे — मेरी, योसेफ, बैल, गाढव, सगळे कापसात गुंडाळून. नाताळ करूनच जाणार. म्हणजे महिनाभर!

मला कुणी विचारलं? कशाला विचारतील. घर माझं नाही. ऑक्टोबरात न्हाणीत पडलो, कमरेला मुका मार लागला, आणि लेकीनं, आशूनं, यशवंतपूरच्या माझ्या घराला कुलूप घालून मला इकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला उचलून आणलं. बारावा मजला. खाली बघवत नाही. लिफ्ट मध्येच अडकली तर? गॅस चालू राहिला तर? कुणाला काळजी नाही. सगळी मलाच.

बाईनं आल्या आल्या बाल्कनीत डोकावलं. माझी विजेची शेगडी, तवा, परात, पिठाचा डबा, पाण्याचा कॅन. सगळं बघून घेतलं. रोशनला कोकणीत विचारलं, हे काय? कोकणी मला कळते! निम्मी तर मराठीच आहे. रोशन म्हणाला, "अंकल आमच्याकडं जेवत नाहीत."

लग्नाला नऊ वर्षं झाली. अजून अंकल!

३ डिसेंबर, मंगळवार

आज तिनं सरळ तोंडावर विचारलं. कन्नडमध्ये. "रायरे, आमच्या हातचं तुम्हाला बाटतं का?"

रायरे म्हणते मला, म्हणजे रावसाहेब. मान देते की चिडवते, कळत नाही.

म्हणालो, बाटायचा प्रश्नच नाही. जावई आमच्यातला असता, निपाणीचा असता, माझ्या बहिणीचा मुलगा असता — तरी हेच केलं असतं. मुलीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. पाणीसुद्धा नाही. माझ्या सासऱ्यांनी आमच्याकडं पहिला घास घेतला तो आशूच्या बारशाला. आशूची आई, महानंदा, जिवंत होती तोवर सात वर्षं या घरात येत-जात राहिली. पाण्याची बाटली घरून घेऊन यायची. तोंडातून चकार शब्द काढला नाही कधी. तिनं पाळलं आणि मी मोडू?

तेरेझाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण बाल्कनी तिच्याच घराची ना?"

राग आला. त्याच बाल्कनीत जाऊन दणादणा भाकऱ्या थापल्या.

४ डिसेंबर, बुधवार

कागदाची मोठी चांदणी टांगली. आत दिवा. टांगली ती बरोबर माझ्या खोलीच्या दारावर! वायर तापते. हात लावून बघितली — तापते! रोशन म्हणतो, "एलईडी आहे अंकल, तापत नाही." माझा हात खोटा!

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. खंडोबाचा दिवस. भरीत-रोडगा नको का करायला? बाल्कनीत वांगी भाजली. थोडा धूर झाला. थोडाच. तर खालून सिक्युरिटीवाला वर आला! म्हणे तेराव्या मजल्यावरून तक्रार आहे, बाल्कनीत स्वयंपाक करता येत नाही, नियम आहे. मी काही बोलणार तोच तेरेझाबाई त्याच्या अंगावर गेली. "तुझ्या घरी देवाला नैवेद्य नसतो का रे? तेराव्या मजल्यावाल्याला सांग, खाली ये, वाढते."

माझी बाजू घ्यायला हिला कुणी सांगितलं होतं!

भरीत मात्र सगळ्यांनी खाल्लं. तिनं दोनदा घेतलं. आशूनं ताट पुसून काढलं. मग म्हणाली, "तुमचं मी खाते, बाबा. माझं तुम्ही…"

उठून हात धुवायला गेली.

८ डिसेंबर, रविवार

आज कहर झाला. तेरेझाबाईनं स्टीलच्या ताटल्या मांडल्या. त्यात पिशवीतला नारळाचा भुसा ओतला आणि वर नाचणी पेरली. विचारलं, हे काय? तर म्हणे नाताळपर्यंत उगवतं, मग गोठ्यापुढं ठेवायचं. हिरवं गवत म्हणून. "माझी सासू करायची. तिची सासू करायची."

अहो, हे तर आमचं! नवरात्रात आम्ही घट बसवतो, परडीत काळी माती, त्यात गहू, रोज पाणी, रोज माळ, तेवता दिवा. महानंदाचा हात असा होता की नवव्या दिवशी परडीत बोट शिरायचं नाही. वठारातल्या, म्हणजे चाळीतल्या, बाया बघायला यायच्या. घट दाट आला की घराचं वर्ष दाट. ती गेल्यापासून घरात घट नाही. आणि इथं ही नारळाच्या भुशात नाचणी पेरते! ना दिवा, ना माळ. पाणी नुसतं ओतते, तांदूळ धुतल्यासारखं.

कुजणार म्हणून सांगितलं. हसली.

यशवंतपूरला परसूला फोन लावला. आम्ही तीस वर्षं एका कारखान्यात शेजारी शेजारी मशीनवर उभे होतो. तो म्हणाला, "कृष्णाजी, त्यांचं सगळंच दुसऱ्यांकडून घेतलेलं आहे. थांब, तुला पाठवतो." एकामागून एक सात मेसेज आले. चष्मा लावून सगळे वाचले.

१० डिसेंबर, मंगळवार

आज सोडलं नाही. ती मनुका निवडत बसली होती. समोर खुर्ची ओढली आणि विचारलं, पंचवीस डिसेंबर ही तारीख तुमच्या बायबलात कुठं आहे? दाखवा.

"नाही," म्हणाली.

एवढ्या लगेच कबूल करेल असं वाटलं नव्हतं. तरी पुढचं काढलं. रोमन लोक त्या दिवसांत सूर्याचा सण करायचे. दिवस मोठा होऊ लागतो म्हणून. म्हणजे आपलं उत्तरायणच! ते झाड जर्मनीचं. तो लाल कपड्यांचा म्हातारा तुर्कस्तानकडचा. मग तुमचं स्वतःचं काय?

ती म्हणाली, "पहिली तीनशे वर्षं तर कुणी हा सण करतच नव्हतं, रायरे. तारीख माणसांनीच ठरवली. रामाचा जन्म दुपारी बारा वाजता, ते कुणी घड्याळात बघितलं होतं?"

रोशन आतल्या खोलीतून हसला. कॉम्प्युटरवर मीटिंग चालू होती म्हणे, आणि कान इकडं!

मी म्हणालो, आणि गोठा? तोही कुणाचा तरी असेल. तर मनुका बाजूला ठेवून सांगायला लागली. आठशे वर्षांपूर्वी इटलीत फ्रान्सिस नावाचा एक संत होता. भिक्षा मागून राहायचा. त्यानं डोंगरातल्या एका गावात पहिला गोठा केला. खरा बैल आणला, खरं गाढव आणलं. गव्हाणीत गवत घातलं. आणि बाळ ठेवलंच नाही म्हणे! नुसतं गवत. लोक मशाली घेऊन आले, आणि त्या रिकाम्या गव्हाणीत त्यांना बाळ दिसलं. नंतर ते गवत लोकांनी घरोघर जपलं. आजारी गुरांना घालायचे. अडलेल्या बाईच्या अंगावर ठेवायचे. मोकळी व्हायची.

मी म्हणालो, थापा!

"असतील," म्हणाली. पुन्हा मनुका निवडायला लागली.

आशू दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

परसूला रात्री फोन केला. तारखेचं सांगितलं. गवताचं सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

कुजली! मी म्हणालो नव्हतो? ताटल्यांवर पांढरी बुरशी आली. वास सुटला. तेरेझाबाई ताटल्या घेऊन सिंकपाशी उभी राहिली. म्हणाली, "मंगळूरला कधी असं होत नाही. इथली हवाच वाईट."

हवा वाईट नाही. हात वाईट! तोंडावर म्हणालो. वाटलं होतं भांडेल. भांडली नाही. ताटल्या घासत बसली. रोशन म्हणाला, "मम्मी, सोड ना. ऑनलाइन प्लास्टिकचं गवत मिळतं. उद्या येईल."

प्लास्टिकचं! काय माणसं आहेत ही?

१५ डिसेंबर, रविवार

पहाटे खाली गेलो. चाफ्याच्या झाडाखालची माती पिशवीत भरली. माळी धावत आला, "बेडा बेडा, साहेब!" नको म्हणे. एवढ्या मोठ्या कॉलनीत चार मुठी मातीची मारामार. म्हणालो, देवाला लागते. बाजूला झाला.

आशूच्या माळ्यावर महानंदाची परडी होती. माझं घर बंद करताना आशूनंच आणून ठेवलेली. मला ठाऊक नव्हतं. फडक्यात नीट गुंडाळलेली. माती चाळली, गहू रात्रीच भिजवले होते, ते पेरले. वर पातळ थर. पाणी बोटांनी शिंपडलं. टोपली पालथी घातली. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि बजावलं, कुणी टोपली उचलायची नाही. नऊ दिवस! चोवीस तारखेला उघडणार.

तेरेझाबाई म्हणाली, "गोठ्यासाठी करताय ना, रायरे?"

म्हणालो, तुमच्या गोठ्याशी माझा काही संबंध नाही.

नाहीच. मी कुणासाठी पेरलं ते मला ठाऊक. आशूला दोनदा दिवस राहिले. दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात. घट दाट आला की घराचं वर्ष दाट, एवढंच मला येतं. डॉक्टर नाही मी.

आणि विरळ आला तर?

१६ डिसेंबर, सोमवार

टोपली उचलून बघितली. काही नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

काही नाही. पाणी कमी पडलं का? जास्त झालं का? एसीचं वारं कोपऱ्यात येतं. रोशनला बंद करायला सांगितलं. "अंकल, स्वल्प ॲडजस्ट करा." नाही करणार!

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी मोड दिसले. बारीक, पांढरे. जीव भांड्यात पडला. पण दिवस तसा जायचा नव्हता.

दुपारी सासू-सून नेवऱ्या तळत होत्या. आपल्या करंज्याच, आत तीळ-खोबरं. त्यांचा नाताळचा फराळ. आशू एक गरम नेवरी बशीत घेऊन माझ्या खोलीत आली. "बाबा, एकच. आईच्या पद्धतीनं मोहन घातलंय. चाखा."

म्हणालो, तुला ठाऊक आहे मी घेत नाही.

तिनं बशी टेबलावर ठेवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही रोज काय करता ठाऊक आहे का तुम्हाला? रोज सकाळी बाल्कनीत भाकरी थापता. मी अजून अंथरुणात असते. थापण्याचा आवाज येतो. रोशन मला कधी बोलला नाही. त्याची आई कधी बोलली नाही. तुम्ही मात्र सकाळ-संध्याकाळ, भाकरी थापून मला सांगता — तुला मूल नाही. तुला मूल नाही. आईपण तेच करायची. बाटली उघडायची, पाणी प्यायची, माझ्याकडं न बघता. गेली ती माझ्या हातचा घोटभर चहा न पिता."

मी ओरडलो. नियम मी केला का? बापजाद्यांचा आहे! तुझी आई मूर्ख होती का? तुझ्यासाठीच पाळतो! मोडला आणि पुढं काही वाईट झालं तर?

"अजून काय वाईट व्हायचंय, बाबा?"

बशी तशीच टाकून गेली. नेवरी गार झाली. संध्याकाळी तेरेझाबाई आली, बशी उचलली.

आज भाकरी केली नाही. चुरमुरे खाल्ले.

१९ डिसेंबर, गुरुवार

भाकरी हातावर, हळू थापून बघितली. आवाज येतोच.

२० डिसेंबर, शुक्रवार

ठरलं! यशवंतपूरला जाणार. माझं घर आहे, माझी न्हाणी आहे, पडलो तर पडलो. परसूला सांगितलं, तुझ्याकडची किल्ली घे, घर झाडून ठेव. तो म्हणाला, "कमर बरी झाली का?" कमरेचं काय घेऊन बसलास!

पिशवी भरली. धोतरं, गोळ्या, चष्म्याची डबी. तवा गार झाला की तोही भरणार होतो. मग कोपऱ्यात बघितलं. परडी. घट अर्ध्यात सोडून कुणी जातं का? आणि हलवूनही नेता येत नाही. बसवला की हलवायचा नाही. महानंदा परडी कोपरानंसुद्धा हलू द्यायची नाही.

तेरेझाबाई दारातून बघत होती. "जायचं तर जा की, रायरे. गव्हाला मी पाणी घालते."

तुमच्या हातानं? नाचणीचं काय झालं ते बघितलंय मी!

पिशवी खाटेखाली सरकवली. चोवीसपर्यंत फक्त. आशू बोलत नाही. पाण्याचा कॅन संपला होता, तो मात्र तिनं गुपचूप बदलून ठेवलाय.

२२ डिसेंबर, रविवार

एका कोपऱ्यात उगवलंच नाही. टक्कल दिसतं. बाकी सगळीकडं वीतभर झालं आणि तेवढाच कोपरा रिकामा! रात्री झोप नाही. सकाळी चार दाणे नवीन टोचले. हे चालतं की नाही ठाऊक नाही. महानंदाला विचारलं असतं. कुणाला विचारू? तेरेझाबाईला?

विचारलं.

म्हणाली, "माझी सासू टोचायची. कुणाला सांगायची नाही." आणि तोंडावर बोट ठेवून निघून गेली.

२४ डिसेंबर, मंगळवार

हॉलमध्ये गोठा मांडला. पुठ्ठ्याचे डोंगर, आरशाचं तळं. मेरी, योसेफ, बैल, गाढव. मेंढ्या रोशननं रांगेत लावल्या, कारखान्याच्या गेटवर हजेरीला उभ्या असल्यासारख्या. मध्ये लाकडी गव्हाणी. रिकामी. बाळ उद्या सकाळी ठेवायचं असतं. ते अजून पावडरच्या जुन्या डबीत.

मी परडी बाहेर आणली. सगळ्यांसमोर टोपली काढली.

दाट! बोट शिरणार नाही असा. टक्कल होतं तो कोपराही बाजूच्या अंकुरांनी झाकला होता. आणि सोन्यासारखा पिवळा.

रोशन म्हणाला, "ओ… हे हिरवं नाहीये." तेरेझाबाई वाकून बघते आणि म्हणते, "रायरे, याला कावीळ झाली का?"

डोकं फिरलं माझं. अंधारात वाढलेला घट असाच येतो! आमच्याकडं याला सोनं म्हणतात! हिरवं काय, कुठल्याही बांधावर उगवतं! नऊ दिवस डोळ्यात तेल घालून बसलो ते कावीळ म्हणून घ्यायला? रोशन म्हणाला, "सरी अंकल, सरी, ठीक आहे, प्रॉब्लेम नाही, प्लास्टिकचं आलंय. तेच लावू." आणि खरंच ते हिरवं प्लास्टिक उलगडायला लागला! म्हणालो, लाव! लाव तुझं प्लास्टिक! परसूला बोलावतो, आत्ताच्या आत्ता जातो.

तेरेझाबाईनं रोशनच्या हातून प्लास्टिक ओढून घेतलं. गव्हाणी उचलून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "हिरवं अंगणात लागतं. बाळाखाली वाळकं गवतच असतं, पिवळं. इतकी वर्षं मी तिथं कापूस घालत आले. द्या."

दसऱ्याशिवाय घट उपटत नाहीत. पण नववा दिवस तर झाला होता. मी दिले. आशूनं मुठीमुठीनं गव्हाणीत अंथरले. तिचा हात महानंदासारखाच चालतो. हे आजवर कधी बघितलं नव्हतं.

चार अंकुर तिनं बाजूला काढले आणि माझ्या टोपीत खोवले. दसऱ्याला तिची आई खोवायची तसे.

मग तेरेझाबाई म्हणाली, "आमच्यात बाळ घरातलं सगळ्यात लहान मूल ठेवतं. मूल नसलं तर सगळ्यात म्हातारं माणूस. इतकी वर्षं मी ठेवलं. आता तुम्ही आहात."

म्हणालो, मी हात लावणार नाही. हा माझा सण नाही. उद्या दुपारी परसू टॅक्सी घेऊन येतोय.

"या वर्षी तरी म्हातारपण माझ्यावरून उतरलं म्हटलं," म्हणाली, आणि चर्चला जायची साडी शोधायला गेली.

२५ डिसेंबर, बुधवार

सकाळी सगळे आंघोळी करून गोठ्यापुढं उभे. तेरेझाबाईनं डबी उघडली आणि बाळ माझ्या तळहातावर ठेवलं. एका पायाचा अंगठा उडालेला. टाकणार कसं? ठेवलं गव्हावर.

भाकरीसाठी बाल्कनीकडं निघालो. परात हातात घेतली. मग तशीच खाली ठेवली आणि आत आलो. आशूला म्हणालो, "घरात बाळ आलंय. आता वाढ मला."

चटणीत मीठ जास्त होतं. बोललो नाही. पुन्हा मागून घेतली.